मशीन म्हणतं 'मंजूर', खात्यात मात्र छदाम नाही! (क्रेडिट कार्ड वापरणारे आणि घेणारे, दोघांसाठी धागा)

वहीवाली | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी हाताने बांधलेल्या वह्या विकते. इतके दिवस रोखीवर भागत होतं. पण गिऱ्हाइकं सारखी 'कार्ड चालतं का' विचारायला लागली म्हणून मागच्या आठवड्यात कार्डाचं मशीन घेतलं. शुक्रवारपासून ११ व्यवहार झाले. दर वेळी मशीनने 'मंजूर' अशी चिठ्ठी दिली, समोरच्याच्या मोबाइलवर पैसे गेल्याचा मेसेजही वाजला. माझ्या खात्यात मात्र अजून छदाम नाही. शनिवार-रविवार मध्ये आला म्हणून गप्प बसले, आता सोमवारही संपला.

आणखी एक. मी स्वतः सात वर्षं कार्ड वापरतेय, पण त्यातलं आपल्याला काही कळत नाही हे मशीन घरात आल्यावर कळलं. म्हणून म्हटलं, दोन्ही बाजूंचे प्रश्न एकाच धाग्यात येऊ देत.

गल्ल्यावरचा | रात्री ९:२०

रात्री मशीन बंद करून ठेवता का?

वहीवाली | रात्री ९:२१

हो, निघताना बंद करते. का हो?

गल्ल्यावरचा | रात्री ९:२६

मग कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. मशीनमध्ये 'सेटलमेंट' किंवा 'बॅच क्लोज' असं काहीतरी असेल, ते रोज दुकान आवरताना दाबायचं. काही मशीनं रात्री आपोआप हिशेब पाठवतात, पण त्यासाठी ती चालू आणि नेटला जोडलेली असावी लागतात. तुमचे ११ व्यवहार बहुतेक मशीनच्या पोटातच पडून आहेत. लाजू नका, आम्ही सुरुवातीला सहा दिवस असेच काढलेत.

शंकासुर | रात्री ९:३१

पण गिऱ्हाइकाचे पैसे तर कापले गेले ना? मग ते आहेत कुठे? हवेत?

निवृत्त_कारकून | रात्री १०:०५

शंकासुर, प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. २६ वर्षं बँकेच्या कार्ड विभागात काढली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पैसे कुठेच गेलेले नाहीत. कार्ड मशीनवर टेकवलं की निरोप निघतो: मशीनकडून दुकानदाराच्या बँकेकडे, तिथून व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्ककडे, तिथून ज्या बँकेने कार्ड दिलंय तिच्याकडे. ती बँक बघते, कार्ड चोरीचं म्हणून कळवलेलं आहे का, लिमिट शिल्लक आहे का, व्यवहार विचित्र वाटतो का. मग हो किंवा नाही असं उत्तर त्याच वाटेने परत येतं. सगळं दोन-तीन सेकंदांत. या 'हो'चा अर्थ एवढाच की ही रक्कम आम्ही या दुकानासाठी बाजूला धरून ठेवली आहे. गिऱ्हाइकाच्या लिमिटमधून तेवढा आकडा कमी दिसतो. मेसेज येतो तो याच टप्प्यावर. 'खर्च झाला' असं लिहिलेलं असलं तरी तोवर एकही पैसा जागचा हललेला नसतो.

दुकानदार दिवसाचा हिशेब पाठवतो तेव्हा दुसरा टप्पा सुरू होतो. मग बँका आपापसात देणंघेणं मिटवतात आणि साधारण एक-दोन कामकाजाच्या दिवसांत दुकानाच्या खात्यात फी वजा जाता रक्कम पडते. तुमचा करार कसा आहे त्यावर हे दिवस कमीजास्त होतात.

आता महत्त्वाचं. बाजूला धरलेली रक्कम कायम धरलेली राहत नाही. हिशेब आलाच नाही तर काही दिवसांनी बँक ती सोडून देते आणि गिऱ्हाइकाचं लिमिट पूर्ववत होतं. उशिरा पाठवलेला व्यवहार कधीकधी निघतो, कधीकधी त्यावरून वाद होतो. तेव्हा वहीवाली, हा प्रतिसाद अर्धवट सोडून आधी बटण दाबा.

वहीवाली | रात्री १०:११

दाबलं. चांगली लांबलचक चिठ्ठी आली, ११ व्यवहारांची. _/\_

चौथा_मजला | रात्री १०:४०

हे वाचून माझं एक जुनं कोडं सुटलं. हॉटेलात खोली घेताना त्यांनी कार्डावर बिलापेक्षा जास्त रक्कम टाकली. निघताना बिल घेतलं ते बरोबर होतं, पण पुढे आठवडाभर लिमिट कमीच दिसत होतं. मी फोनवर दोनदा भांडलो.

निवृत्त_कारकून | रात्री १०:५२

तीच ती धरून ठेवलेली रक्कम. हॉटेलं, भाड्याच्या गाड्या, स्वतः भरून घ्यायचे पेट्रोल पंप, जिथे जिथे अंतिम बिल आधी ठाऊक नसतं तिथे अंदाजे रक्कम अडकवतात. क्रेडिट कार्डावर फक्त लिमिट अडकतं. हेच डेबिट कार्डावर झालं की तुमचे खात्यातले खरे पैसे अडकतात. म्हणून अशा ठिकाणी क्रेडिट कार्ड द्यावं असं मी घरच्यांना सांगतो. निघताना 'जुनी मंजुरी सोडून द्या' असं काउंटरवर आठवणीने सांगायचं.

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी ७:३०

धागा वाचतोय. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, हे माझं कार्डाबद्दलचं मत कायम आहे.

शंकासुर | सकाळी ८:०२

बोरूबहाद्दर, मी दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, मला एक पैसा व्याज लागत नाही. पोतं रितं कसं?

खातेवही | सकाळी ९:१५

पूर्ण भरणाऱ्यांचं पोतं शाबूत असतं. गोची होते ती जवळजवळ पूर्ण भरणाऱ्यांची.

समजा बिल १०,००० चं आहे आणि तुम्ही ९,५०० भरले. बहुतेकांना वाटतं व्याज ५०० वर लागेल. अनेक कार्डांच्या अटींत तसं नसतं. एकदा पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते. मग व्याज प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून मोजतात आणि त्या महिन्यात केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून चढतं. पुढच्या महिन्यात सगळं भरून टाकलं तरी बिल निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज त्याच्या पुढच्या बिलात शेपटासारखं येतं. लोक म्हणतात बँकेने चूक केली. चूक नसते, अटी वाचलेल्या नसतात.

आणि ती 'किमान देय रक्कम'! ती भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. मी एकदा वहीत मांडून बघितलं. १०,००० ची बाकी, महिना ३ टक्के व्याज, किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के, नवी खरेदी शून्य. पहिल्या महिन्यात ३०० व्याज चढून १०,३०० होतात, तुम्ही ५१५ भरता, उरतात ९,७८५. म्हणजे एवढं भरून बाकी हलली २१५ ने. असंच चालू ठेवलं तर बाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात. तोवर तुम्ही साधारण १२,००० भरलेले असतात आणि ५,००० अजून डोक्यावर असतात. तुमच्या कार्डाचे दर वेगळे असतील, आकडे घालून स्वतः करून बघा. मी हा हिशेब करून कार्डाच्या ॲपमध्ये 'दर महिन्याला पूर्ण रक्कम आपोआप भरा' हा पर्याय लावून टाकला.

बोरूबहाद्दर | सकाळी ९:२०

३२ महिने?? पोतं कुठलं, नुसती गोणपाटाची चिंधी.

चौथा_मजला | सकाळी ९:४४

आणि क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढली तर?

खातेवही | सकाळी ९:५०

नको. काढल्याची फी वेगळी आणि बिनव्याजी मुदत बहुतेक नाहीच, त्याच दिवसापासून मीटर सुरू.

वहीवाली | सकाळी ११:३३

गुड न्यूज नंतर देते, अजून बँकेत पडले नाहीत. दरम्यान फीबद्दल विचारायचंय. माझ्या करारात प्रत्येक व्यवहारामागे टक्केवारी लिहिली आहे, शिवाय मशीनचं भाडं. ही टक्केवारी नक्की खातं कोण? आणि ती गिऱ्हाइकाकडून घेतली तर चालते का?

गल्ल्यावरचा | दुपारी १२:१०

तीन वाटेकरी. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक, मधलं नेटवर्क आणि तुमची बँक किंवा मशीन देणारी कंपनी. यात सहसा पहिल्या बँकेचा वाटा मोठा असतो, त्याला इंटरचेंज म्हणतात. त्यातूनच ती पॉइंट, कॅशबॅक वगैरे वाटते. म्हणजे गिऱ्हाइकाला मिळालेल्या बक्षिसाचा काही भाग माझ्या गल्ल्यातून गेलेला असतो. भारी कार्डावर फी जास्त का, त्याचं उत्तर यात आहे. हा वाटा किती असावा यावरून बऱ्याच ठिकाणी दुकानदार आणि बँका यांची जुंपलेली आहे. युरोपीय संघाने २०१५ मध्ये त्यावर कायद्याने कमाल मर्यादा घातली, सामान्य ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांना ०.३ टक्के आणि डेबिटला ०.२ टक्के. बाकी जगात ज्याचा त्याचा कायदा.

गिऱ्हाइकाकडून घेण्याबद्दल: काही देशांत बंदी, काही ठिकाणी चालतं पण आधी फलक लावून सांगावं लागतं, आणि तुमच्या करारात काय लिहिलंय ते वेगळंच. करार बघा. माझं वैयक्तिक मत, मागू नका. गिऱ्हाईक वही खाली ठेवून जाईल. फी किमतीतच धरा. वीज आणि भाडं आपण वेगळं मागतो का?

भावतोल मात्र करा. दर फक्त टक्केवारीवर बघू नका. महिन्याचं भाडं, किमान उलाढालीची अट, परतफेडीची फी, करार मध्येच सोडल्यास दंड, हे सगळं मिळून बघायचं. विक्री कमी असेल तर टक्केवारी जास्त पण भाडं शून्य असलेलं मशीन परवडतं. मी उलटं केलं आणि दीड वर्ष अडकलो.

शंकासुर | दुपारी १२:४०

आणि माल परत आला तर फी परत मिळते का?

गल्ल्यावरचा | दुपारी १२:४४

बऱ्याचदा नाही. म्हणून एक युक्ती: त्याच दिवशी, हिशेब पाठवायच्या आधी चूक लक्षात आली तर 'रिफंड' न करता 'व्हॉइड' करा. व्यवहार जन्मण्याआधीच रद्द होतो. हिशेब गेल्यावर मात्र रिफंडच करावा लागतो, आणि तो ज्या कार्डावरून आला त्याच कार्डावर द्यायचा. कार्डाने घेतलेल्या मालाचे रोख पैसे कधीही परत देऊ नका. तो रोख घेऊन जातो आणि वर बँकेत तक्रारही करतो, असं घडतं.

पैठणीकाठ | दुपारी २:१५

प्रश्न विचारू का? मी फोनवर ऑर्डर घेते. काही गिऱ्हाइकं कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटोच पाठवून देतात. मी वहीत नंबर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी विचारायला नको.

निवृत्त_कारकून | दुपारी २:२९

ताई, आज संध्याकाळच्या आत ते फोटो पुसा आणि वहीतली ती पानं फाडून जाळा. रागावून नाही, काळजीने सांगतोय.

कार्ड घेणाऱ्या प्रत्येकाला पीसीआय डीएसएस नावाची सुरक्षेची नियमावली लागू होते. पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ ची. तिच्यातला एक नियम पाठच करा: मागचा तीन आकडी सीव्हीव्ही मंजुरी मिळाल्यानंतर कुठेही साठवायचा नाही. वहीत नाही, फोनमध्ये नाही, संगणकात कुलूप लावूनही नाही. तो आकडा चुंबकीय पट्टीत नसतो. पट्टीची नक्कल कुणी केली तरी छापलेला सीव्हीव्ही त्याला मिळत नाही, म्हणून तो ठेवलाय. तुम्ही तो नंबराशेजारी लिहून ठेवलात की चोराचं अर्धं काम तुम्हीच केलंत. उद्या ती वही हरवली तर जबाबदारी तुमच्यावर येईल.

फोनवरच्या ऑर्डरसाठी पैसे भरायची लिंक पाठवा. गिऱ्हाईक स्वतः त्या पानावर नंबर भरतं, तुमच्या नजरेला पडतच नाही. न बघितलेलं सांभाळावं लागत नाही.

पैठणीकाठ | दुपारी २:४०

बाप रे. फाडते. आभार.

चौथा_मजला | दुपारी ३:०५

अवांतर: कार्ड टॅप करण्यापेक्षा आत घालणं सुरक्षित ना? गर्दीत कुणी मशीन खिशाला लावलं तर?

निवृत्त_कारकून | दुपारी ३:३०

टॅप काय आणि आत घालणं काय, दोन्हीत चिपच बोलते. चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक आकडा बनवते, तो पुन्हा वापरता येत नाही. खिशाला मशीन लावणाऱ्याला आधी बँकेकडून मशीन घ्यावं लागेल, म्हणजे स्वतःचा पत्ता देऊन चोरी. भीती घालायची तर घासायच्या पट्टीची घाला. तिच्यात तीच ती माहिती कायमची लिहिलेली असते.

पट्टीच्याही आधीची गंमत सांगतो. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा कार्डावरचे उठावदार आकडे कार्बनवर दाबून उमटवायचं एक लोखंडी यंत्र असे. कार्ड ठेवायचं, वर तीन प्रतींची पावती, आणि दांडा खर्रकन इकडून तिकडे. बोटं मध्ये आली की सोलून निघत. ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार असेल तर दुकानदार फोन करून मंजुरी विचारायचा, त्याखालचा असेल तर चोरीच्या कार्डांची छापील यादी चाळायचा. यादी छापून येईपर्यंत चोराची खरेदी उरकलेली असे.

शंकासुर | दुपारी ३:४२

म्हणजे नंबर उठावदार असायचे ते त्या यंत्रासाठी! मला वाटायचं शोभेला. नंबरावरून आठवलं, वेबसाइटवर एक आकडा चुकला तर ती बँकेला न विचारताच 'नंबर चुकीचा' कशी म्हणते?

खातेवही | दुपारी ४:१०

माझा आवडता विषय. कार्ड नंबराचा शेवटचा आकडा हा तपासणीचा आकडा असतो. हान्स पीटर लून या आयबीएमच्या माणसाने ही युक्ती काढली, त्याचं पेटंट १९६० चं. उजवीकडून मोजायचं, दर दुसरा आकडा दुप्पट करायचा, दुप्पट ९ च्या वर गेली तर त्यातून ९ वजा. सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेला १० ने निःशेष भाग गेला तर नंबर निदान व्याकरणशुद्ध आहे. छोटं उदाहरण ५९. नऊ तसाच, पाचाची दुप्पट १०, वजा ९ म्हणजे १. नऊ आणि एक दहा. पास.

एखादा आकडा चुकला तर ही पद्धत हमखास पकडते. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तरी पकडते, फक्त ०९ आणि ९० ची अदलाबदल निसटते. पण लक्षात घ्या, हे टायपिंगची चूक पकडायला आहे, चोर पकडायला नाही. पास होणारा नंबर कुणीही बसून बनवू शकतो.

आणि पहिला आकडा ४ असेल तर व्हिसा. ३४ किंवा ३७ ने सुरू होणारं अमेरिकन एक्सप्रेस, त्याचे आकडे १६ नसतात, १५ असतात.

बोरूबहाद्दर | दुपारी ४:१८

सगळं काम सोडून तीन कार्डं तपासली. तिन्ही पास. हो, आहेत माझ्याकडे तीन कार्डं, हसू नका.

वहीवाली | बुधवार, सकाळी १०:०२

पडले! अकराही व्यवहारांचे पैसे, फी कापून. गल्ल्यावरचा, तुमच्यासाठी एक वही राखून ठेवलीय.

पण आता नवी भानगड. ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या म्हणून लिंक सुरू केली आणि कालच एक ईमेल आली. १५० वह्या हव्यात, घासाघीस शून्य. फक्त म्हणतोय की कार्डाने जास्त रक्कम भरतो, वरचे पैसे तुम्ही माझ्या वाहतूकवाल्याच्या खात्यात पाठवा, त्याच्याकडे कार्ड चालत नाही.

गल्ल्यावरचा | सकाळी १०:०५

नका नका नका.

निवृत्त_कारकून | सकाळी १०:२०

हा जुना सापळा आहे. कार्ड चोरीचं असतं. मंजुरी मिळते, कारण मालकाला अजून पत्ता नसतो. तुम्ही 'वाहतूकवाल्या'ला स्वतःच्या खात्यातून खरे पैसे पाठवता. काही आठवड्यांनी मूळ मालक तक्रार करतो, बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडून परत ओढते. कार्डाने आलेले पैसे मागे जाऊ शकतात, तुम्ही पाठवलेले येत नाहीत. दुसऱ्याच्या नावे पैसे वळवायला सांगणारं कुठलंही गिऱ्हाईक सोडून द्यायचं, कितीही मोठी ऑर्डर असो.

लिंकवर अचानक बारीकबारीक रकमांचे पाच-पन्नास प्रयत्न दिसले तरी सावध व्हा. चोरलेल्या नंबरांपैकी कुठले जिवंत आहेत ते तुमच्या पानावर तपासत असतात.

वहीवाली | सकाळी १०:२४

आणि मी कागदाची ऑर्डर द्यायला निघाले होते! तक्रारीवर पैसे परत ओढणं म्हणजेच चार्जबॅक ना? पण मी लिंकवर ओटीपीची पायरी ठेवली आहे. मग तर मी सुरक्षित?

गल्ल्यावरचा | सकाळी ११:००

अर्धीच. ओटीपी किंवा बँकेची तशी पडताळणी झाली असेल तर 'हा व्यवहार मी केलाच नाही' या तक्रारीचा बोजा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. पण 'माल पोचला नाही', 'सांगितला तसा नव्हता', 'परतावा कबूल करून दिला नाही' या तक्रारी तुमच्याच डोक्यावर. त्यासाठी पुरावा लागतो: पोचपावती, सही, बोलण्याचे स्क्रीनशॉट, परतीचे नियम गिऱ्हाइकाने मान्य केल्याची नोंद. तक्रारीला बऱ्याच प्रकारांत १२० दिवसांपर्यंत मुदत असते, तुम्हाला उत्तराला मात्र मोजके दिवस. नोटीस आली की त्याच दिवशी बसायचं. उत्तर दिलं नाही म्हणजे हरलात.

चौथा_मजला | सकाळी ११:३०

गिऱ्हाईक म्हणून माझ्या बाजूने विचारतो: दुकान दाद देत नसेल तर आम्ही हेच वापरायचं ना?

निवृत्त_कारकून | सकाळी ११:४१

जरूर. पण आधी दुकानाला लेखी कळवा, बँक पहिल्यांदा तेच विचारते. आणि माल आवडला नाही, मन बदललं, यासाठी नाही. ते दुकानाच्या परतीच्या नियमात बसवायचं.

शंकासुर | दुपारी १:१५

शेवटचा प्रश्न, शप्पथ. परदेशात मशीन विचारतं, 'तुमच्या चलनात घेऊ की इथल्या?' काय दाबायचं?

खातेवही | दुपारी १:१८

इथल्या. म्हणजे त्या देशातल्या. आपल्या चलनात आकडा दिसला की बरं वाटतं, पण तो दर दुकानाकडची यंत्रणा स्वतःचं कमिशन चढवून लावते. सहसा तो महाग पडतो.

वहीवाली | पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ६:५०

धागा वर काढतेय. आला माझा पहिला चार्जबॅक. कारण: 'व्यवहार ओळखता येत नाही.' बाई ओळखीच्या, दोन वह्या माझ्यासमोर निवडून, पिन टाकून नेलेल्या. फोन केला तर म्हणाल्या, अहो, स्टेटमेंटवर कुणा भलत्याच माणसाचं नाव होतं! बघते तर माझ्या नोंदणीच्या कागदावर सासऱ्यांचं नाव आहे, तेच तिकडे छापलं जातंय. दुकानाचं नाव कुठेच नाही. आजच मशीनवाल्यांना सांगून बदलायला टाकलं. बाईंनी बँकेला कळवून तक्रार मागे घेतली. पैसे परत येतील म्हणे. तक्रारीची म्हणून जी वेगळी फी कापली ती पण येईल ना?

गल्ल्यावरचा | संध्याकाळी ७:०२

आमची तरी आली नव्हती.